दुआ केली तरी अब्बा गेले, मग ती ऐकली कुणी?

वअलैकुम अस्सलाम, बेटा.

तुझं पत्र लांब आहे. वाचणाऱ्या बाकीच्या बायकांना कळावं म्हणून आधी ते थोडक्यात मांडते. अब्बांच्या किडन्या निकामी झाल्या, डायलिसिस लागलं. पावसाळ्यापासून रमजानपर्यंत तू एक दिवस न चुकता त्यांच्या शिफासाठी, म्हणजे ते बरे व्हावेत म्हणून, दुआ केलीस. कुणी एकेचाळीस यासीन (कुरआनमधला यासीन हा अध्याय एकेचाळीस वेळा) सांगितल्या, त्या पढलीस. कुणी बकऱ्याची मन्नत मानायला लावली, ती मानलीस. अब्बा रमजानच्या शेवटच्या दिवसांत गेले. जनाजा उठल्यावर घरातल्याच एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "यकीन (विश्वास) पक्कं असतं तर दुआ कबूल झाली असती." तेव्हापासून तू नमाज पढतेस, सलाम फेरून ती संपवतेस आणि दुआसाठी हात न उचलताच मुसल्ला (नमाजेची चटई) गुंडाळून ठेवतेस. शेवटी भीत भीत विचारलं आहेस, की शिक्षण मराठी शाळेत झालं, उर्दू जेमतेम येते, अरबी दुआ पाठ आहेत पण अर्थ कळत नाही. अल्लाहशी मी मराठीतच बोलत आले, ते चालत होतं का?

आधी त्या बाईंच्या वाक्याचा निकाल लावू. तुझ्या गळ्यात तेच अडकलं आहे.

सहीह मुस्लिम या हदीस-संग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांची (रजि.) रिवायत, म्हणजे त्यांनी सांगितलेली हकीकत, आहे. घरात कुणी आजारी पडलं की पैगंबर (स.) त्याच्या अंगावरून उजवा हात फिरवायचे आणि म्हणायचे, "अज्हिबिल बास, रब्बन्नास..." माणसांच्या रब, हे दुखणं दूर कर, शिफा दे, शिफा देणारा तूच आहेस. ही दुआ तू अब्बांवर कितीदा दम केली (पढून फुंकली) असशील, आपल्या घरांमधून ती लहान पोरींनाही येते. पुढे पैगंबर (स.) स्वतः आजारी पडले, दुखणं वाढत गेलं. आयशांनी त्यांचाच हात हातात घेतला, ते इतरांना करायचे तसंच करावं म्हणून. त्यांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "या अल्लाह, मला माफ कर आणि मला वरच्या सोबत्यांत नेऊन ठेव." आयशा सांगतात, मी बघायला गेले तर ते संपलेलं होतं. हिजरी ११, म्हणजे इसवी सन ६३२.

नीट बघ. दुआ त्यांचीच शिकवलेली. म्हणायला बसलेल्या आयशा. ज्यांच्यासाठी म्हणायची ते अल्लाहचे रसूल. तरी जायची वेळ आली आणि ते गेले. आता त्या बाईंना विचार, आयशांचं यकीन कच्चं होतं का? खरं तर विचारू नकोस, घरात उगाच भांडण होईल. पण मनात पक्कं ठेव.

यकीन म्हणजे डोळ्यांतून पाणी न येणं, मनात शंका न डोकावणं, "होणारच" असं छातीठोक सांगणं, हा समज आपल्याकडे कुठून आला कुणास ठाऊक. कुरआनमध्ये तर असं चित्र नाही. सूरह (अध्याय) यूसुफ काढ. पैगंबर याकूब (अ.) हरवलेल्या मुलासाठी, यूसुफसाठी, इतके रडले की डोळे पांढरे पडले, ही ८४वी आयत. मुलांनी टोमणे मारले, "यूसुफ यूसुफ करत मरून जाल." त्यावर ८६व्या आयतीत ते म्हणतात, मी माझं दुःख आणि माझी तळमळ फक्त अल्लाहपाशी मांडतो. आणि लगेच ८७व्या आयतीत हाच रडून रडून दृष्टी गमावलेला बाप मुलांना सांगतो, जा, यूसुफला शोधा, अल्लाहच्या रहमतीतून निराश होऊ नका. रडणारा आणि आस न सोडणारा माणूस एकच आहे. त्याला घरच्यांनीच वेड्यात काढलं होतं, हेही तुझ्या लक्षात आलं असेल.

पैगंबर जकरिया (अ.) यांचंही तसंच. सूरह मरयमच्या सुरुवातीला ते गुपचूप दुआ मागतात: हाडं खिळखिळी झाली, डोकं पांढरं झालं, पण रब, तुला हाक मारून मी कधी दुर्दैवी ठरलो नाही, मला वारस दे. दुआ कबूल होते, फरिश्ते खुशखबर देतात, आणि जकरिया काय म्हणतात? "मला मुलगा कसा होईल? बायको वांझ, मी म्हातारा!" स्वतःच मागितलेलं मिळालं तेव्हा त्यांनाच नवल वाटलं. अल्लाहनं त्यावर "तुझं यकीन कमी पडलं" म्हणून दिलेलं परत घेतलं नाही. याह्या (अ.) जन्मले.

तुला जी हदीस ऐकवली गेली असणार ती मला माहीत आहे, तिरमिजीच्या संग्रहातली: कबूल होण्याचं यकीन ठेवून मागा, गाफील मनाची दुआ अल्लाह कबूल करत नाही. हदीस आहेच. पण तिच्यात शत्रू कोण आहे ते बघ, गाफीलपणा. ओठ हलतायत आणि मन बाजारात, अशी अवस्था. बाप डायलिसिसच्या खुर्चीवर, हातात सुई, आणि लेक बाहेर बाकड्यावर दुआ करतेय, तिला गाफील म्हणायचं धाडस मी तरी करणार नाही.

दुसरी हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे: घाई केली नाही तोवर बंद्याची (अल्लाहच्या सेवकाची) दुआ कबूल होत राहते. विचारलं, घाई म्हणजे काय? मुस्लिमच्या रिवायतीत खुलासा आला आहे: तो म्हणतो, मी मागितलं, मागितलं, कबूल होताना दिसत नाही, मग थकतो आणि दुआ सोडून देतो. म्हणजे धोका सोडून देण्यात आहे. अब्बा असताना तू सोडली नाहीस. सोडायची पाळी आता आली आहे, ती त्या एका वाक्यामुळे. म्हणून मी त्यावर इतकी शाई खर्च करतेय.

आता मूळ प्रश्न. ऐकली का?

मला विचारशील तर ऐकलं जाणं आणि मागितलेलं हातात पडणं ही दोन वेगवेगळी खाती आहेत. लोक दोन्हीची बेरीज करतात आणि दुसरं शून्य दिसलं की पहिलंही शून्य धरतात. पहिल्याबद्दल कुरआनमध्ये शंकेला जागाच ठेवलेली नाही. सूरह बकराची १८६वी आयत रोज्यांच्या आयतींच्या मधोमध येते. आधी रोजे, नंतर रोजे, मध्येच ही: माझे बंदे तुला माझ्याबद्दल विचारतील तर मी जवळच आहे, हाक मारणारा हाक मारतो तेव्हा मी त्याला उत्तर देतो. कुरआनमध्ये बहुतेक ठिकाणी "ते तुला विचारतात" असं आलं की पुढे "तू सांग" येतं. इथे "तू सांग" नाही. मध्ये कुणालाच ठेवलेलं नाही.

आणि ऐकणं म्हणजे किती बारीक ऐकणं, ते बघायचं तर खौला बिंत सालबा (रजि.) यांची गोष्ट. मकतबात (कुरआन आणि दीन शिकवायच्या वर्गात) बायकांना ही शिकवताना मला दरवेळी थांबावं लागतं, कारण कुणीतरी डोळे पुसत असतं. मदिनेतल्या बाई, वय झालेलं. नवरा औस बिन सामित रागात बोलून गेला, "तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी." अरबांत त्या काळी हे म्हटलं की बायको ना धड बायको, ना सुटलेली. खौला पैगंबरांकडे (स.) आल्या आणि तक्रार मांडू लागल्या. इब्ने माजाच्या संग्रहात त्यांचे शब्द आले आहेत: त्यानं माझं तारुण्य खाल्लं, माझ्या पोटी त्याची मुलं झाली, आता माझं वय झालं, मूल व्हायचं थांबलं, तर हे असं बोलला, या अल्लाह, मी तुझ्याकडे तक्रार करते. आयशा त्याच घरात एका बाजूला होत्या. त्या म्हणतात, तिचं काही बोलणं मला ऐकू येत होतं, काही येत नव्हतं. आणि तेवढ्यात फरिश्ते जिब्रील (अ.) आयती घेऊन उतरले: नवऱ्याबद्दल तुझ्याशी हुज्जत घालणारी आणि अल्लाहपाशी गाऱ्हाणं मांडणारी, तिचं बोलणं अल्लाहनं ऐकलं. सूरह मुजादलाची पहिलीच आयत.

एका घरातल्या बाईला जे पुरतं ऐकू आलं नाही ते वर ऐकलं गेलं. तेही कसले शब्द? घरातली बाई जशी बोलते तसेच. त्यात ना यमक, ना ठरलेली संख्या, ना कुणी पढवलेलं वाक्य.

आणखी एक गोष्ट तुझ्या रोजच्या नमाजेतली. सहीह मुस्लिममध्ये अबू हुरैरांची (रजि.) हदीस आहे, अल्लाह म्हणतो: नमाज मी माझ्यात आणि बंद्यात अर्धी अर्धी वाटली आहे, आणि बंद्याला तो मागेल ते आहे. बंदा "अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन" म्हणतो, अल्लाह म्हणतो, बंद्यानं माझी स्तुती केली. असं आयतीगणिक चालतं. शेवटी "इह्दिनस्सिरातल मुस्तकीम" आलं की म्हणतो, हे माझ्या बंद्याचं, आणि त्यानं मागितलं ते त्याला आहे. दिवसाच्या फर्ज (सक्तीच्या) नमाजांच्या रकाती, म्हणजे फेऱ्या, १७, आणि प्रत्येकीत हे मागणं येतं. तू म्हणतेस दुआ सुटली. सतरा वेळा तर तू मागतेच आहेस. शिवाय आपण कोकणातले बहुतेक शाफई पंथाचे, फजरच्या (पहाटेच्या नमाजेच्या) दुसऱ्या रकातीत कुनूत ही दुआ पढतो. तिथे "अल्लाहुम्महदिनी" म्हणत तुझे हात रोज उचलले जातातच ना? मग पुरते खाली पडलेले नाहीत ते.

दुसऱ्या खात्याचं, म्हणजे मिळण्याचं. अबू सईद खुदरी (रजि.) यांची मुसनद अहमद या संग्रहातली रिवायत: ज्या दुआमध्ये गुनाह नाही आणि नातं तोडणं नाही, तिच्या बदल्यात अल्लाह तीनपैकी एक देतो. एक तर लवकर देतो, किंवा आखिरतसाठी (मरणानंतरच्या जगासाठी) राखून ठेवतो, किंवा तेवढंच एखादं संकट टाळतो. ऐकणारे सहाबा, म्हणजे पैगंबरांचे सोबती, म्हणाले, मग आम्ही पुष्कळ मागू. उत्तर आलं, अल्लाह त्याहून पुष्कळ देणारा आहे. ही हदीस सगळे सांगतात, पण मयताच्या घरात घाईघाईनं सांगतात. "राखून ठेवलं असेल गं" म्हणून विषय संपवतात, म्हणून ती बोथट वाटायला लागते. तुझ्या बाबतीत तीनपैकी काय झालं ते मला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. जो सांगेल त्याच्यापासून चार हात लांब राहा.

उलट मला जास्त धीर देते ती मुस्लिममधली दुसरी रिवायत, साद बिन अबी वक्कास (रजि.) यांची. पैगंबर (स.) मदिनेच्या वरच्या वस्तीकडून येत होते. बनू मुआवियाच्या मशिदीत शिरले, दोन रकाती पढले, खूप वेळ दुआ केली. मग वळून म्हणाले, मी माझ्या रबकडे तीन गोष्टी मागितल्या, दोन दिल्या, एक रोखली. उम्मत (मुसलमान समाज) दुष्काळानं नष्ट होऊ नये, दिली. बुडून नष्ट होऊ नये, दिली. त्यांनी आपापसात लढू नये, ती दिली नाही. चौदाशे वर्षांचा इतिहास बघ, ती दिलेली नाही हे दिसतंच आहे. आणि त्यांनी हे लपवलं नाही, सहाबांना उघड सांगितलं. रसूलांना एक "नाही" मिळू शकतो, तर आपल्याला मिळाला म्हणून आपण धिक्कारलेले ठरत नाही. ते पुढेही मागतच राहिले.

एकेचाळीस यासीनचं म्हणशील तर पढलेलं कुरआन वाया जात नाही, त्याचा सवाब (पुण्य) तुझाच. पण एकेचाळीस हा आकडा लावला की काम होतं आणि चाळीसवर राहिलं तर होत नाही, याला पैगंबरांची (स.) सही शिकवण असा काही आधार नाही. दुआ म्हणजे एटीएमचा पिन नव्हे, की एक आकडा चुकला म्हणून पैसे अडकले. व्हॉट्सअॅपवर "हा वजीफा (ठरावीक वेळा पढायचा मजकूर) अकरा जणांना पाठवा, रात्रीपर्यंत खुशखबर मिळेल" असं येतं ते बिनधास्त खोडून टाक, काही बिघडत नाही. आणि आजाऱ्याच्या नावानं पैसे घेऊन वजीफे देणाऱ्यांबद्दल मी इथे लिहिलं तर लेखणी घसरेल.

मन्नतीचं सोपं आहे. "अब्बा बरे झाले तर बकरा देईन" अशी मानली होतीस. शर्त पुरी झाली नाही, तर ती तुझ्यावर वाजिब (बंधनकारक) नाही. कुणी "देऊन टाक, नाहीतर घरावर येईल" म्हणालं तर ऐकू नकोस. मन्नतीबद्दल पैगंबर (स.) काय म्हणाले आहेत ठाऊक आहे? ती नशिबातलं काही बदलत नाही, तिच्यामुळे फक्त कंजुषाच्या खिशातून काहीतरी निघतं. बुखारीतच आहे. ते पैसे जमवले असशील तर अब्बांच्या नावानं सदका (दान) कर, मन्नत म्हणून नको. साद बिन उबादा (रजि.) यांची आई वारली तेव्हा त्यांनी विचारलं, तिच्या वतीनं सदका केला तर तिला पोचेल का? हो म्हटल्यावर त्यांनी आपली बागच देऊन टाकली.

डायलिसिस केलं म्हणजे तवक्कल (अल्लाहवरचा भरोसा) कमी पडला, असंही कुणी म्हणालं असेल तर ते मनावर घेऊ नकोस. उंट बांध आणि मग भरोसा ठेव, एवढं पुरे.

आता मराठीचं. नमाजेबाहेर दुआ कुठल्याही भाषेत करता येते, यावर उलेमांत (धर्मपंडितांत) वाद नाही. सूरह रूममध्ये अल्लाह आपल्या निशाण्या मोजतो, त्यात तुमच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणं हीही एक निशाणी, आयत २२. रत्नागिरीच्या मुलीची मराठी त्यात येतेच. नमाजेच्या आत मात्र जपून. आपल्या शाफई मजहबात (पंथात) नमाजेत आपल्या भाषेत रचलेली दुआ तोंडानं म्हटली तर नमाज जाते, हनफी पंथाकडेही ती सख्त नापसंत आहे. म्हणून सजद्यात (कपाळ टेकवल्यावर) तोंडानं अरबी दुआच म्हण, मनात मात्र अब्बांना ठेव. मनाला भाषेची अट नाही. सलाम फेरल्यावर हवं तेवढं मराठीत बोल. पाठ असलेल्या अरबी दुआंचे अर्थ एका वहीत लिहून काढ. एका आठवड्यात एकच घे, पण तीच पुन्हा पुन्हा. अर्थ कळला की जिभेवरच्या जुन्याच शब्दांना वजन येतं, हा अनुभव मी मकतबात कितीतरी बायकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

आणि अरबी नीट येत नाही म्हणून लाजायचं कारण नाही. अबू दाऊदच्या संग्रहात एक छान प्रसंग आहे. पैगंबरांनी (स.) एका माणसाला विचारलं, तू नमाजेत काय म्हणतोस? तो म्हणाला, तशह्हुद (नमाजेत बसून म्हणायचे ठरलेले शब्द) पढतो आणि म्हणतो, या अल्लाह, मला जन्नत दे आणि आगीपासून वाचव. तुमचं आणि मुआजचं ते पुटपुटणं काही मला जमत नाही. मुआज म्हणजे मुआज बिन जबल (रजि.), मोठे आलिम. रागवायचं सोडाच, पैगंबर (स.) म्हणाले, आम्हीही त्याच्याच भोवती पुटपुटत असतो. मला ही हदीस फार आवडते. विद्वानाची लांब दुआ आणि अडाण्याची दोन वाक्यं एकाच ठिकाणी जाऊन बसतात.

बसायचं कसं विचारशील तर फार सोपं आहे. आधी अल्लाहची स्तुती, मग दुरूद (पैगंबरांसाठीची दुआ), मग मागणं. फजाला बिन उबैद (रजि.) सांगतात, एक जण नमाजेत स्तुती आणि दुरूदशिवाय सरळ मागायला लागला, तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले, यानं घाई केली. मग गोष्टींची नावं घेऊन माग. "सगळ्यांचं भलं कर" एवढंच म्हणून उठू नकोस. भावाच्या कुवेतच्या व्हिसाचं, अम्मीच्या बीपीचं, तुला रात्री झोप लागत नाही त्याचं, सगळं नावानिशी सांग. "तुला वाटलं तर दे" असं म्हणू नकोस, हे बुखारीत स्पष्ट मना केलं आहे. मागायचं तर ठामपणे. आवाज चढवायची गरज नाही. प्रवासात चढ चढताना सहाबा मोठमोठ्यानं तकबीर (अल्लाहु अकबर) म्हणू लागले तेव्हा त्यांना सांगितलं गेलं, स्वतःला त्रास देऊ नका, तुम्ही बहिऱ्याला किंवा गैरहजर असलेल्याला हाक मारत नाही आहात.

वेळेचं थोडक्यात. अजान आणि इकामतच्या (नमाज उभी राहतानाच्या पुकाऱ्याच्या) मधला वेळ चांगला, सजदा चांगला, आणि रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा सगळ्यांत चांगला. तो काढायचा कसा हे बायका नेहमी विचारतात. समज मगरिब (सूर्यास्ताची नमाज) पावणेसातला आणि फजरची अजान सव्वापाचला. मधली रात्र साडेदहा तासांची, तिसरा हिस्सा साडेतीन तासांचा, म्हणजे पावणेदोनपासून पुढे. पोरं लहान असताना हे रोज जमत नाही, तर नको. पैगंबरांनी (स.) अबू हुरैरांना झोपण्याआधी वित्र (रात्रीची शेवटची नमाज) पढून घ्यायला सांगितलं होतं, तूही पढ आणि तिथेच दोन मिनिटं बस.

पाळीच्या दिवसांत दुआही बंद, असं पुष्कळ घरांत समजतात. चूक आहे. नमाज नाही, रोजा नाही, पण दुआ आणि जिक्र (अल्लाहचं नामस्मरण) उघडे आहेत. उम्मे अतिया (रजि.) सांगतात, ईदच्या दिवशी पाळी असलेल्या बायकांनाही बाहेर यायला सांगितलं जायचं, नमाजेच्या जागेपासून बाजूला बसून मुसलमानांच्या दुआमध्ये सामील व्हायला. खास बोलवून आणायचे. आणि आपण त्यांना खोलीत बसवतो.

राहिलं तुझं "हात उचलले की शब्दच येत नाहीत." नको येऊ देत. मूसा (अ.) इजिप्तमधून जीव घेऊन पळाले, मदयनला पोचले, विहिरीवर दोन मुलींच्या शेळ्या-मेंढ्यांना पाणी पाजलं आणि सावलीत जाऊन बसले. घर नाही, काम नाही, ओळखीचं कुणी नाही. यादी करायची तर केवढी झाली असती. ते एवढंच म्हणाले: "रब्बी इन्नी लिमा अन्जल्त इलय्य मिन खैरिन फकीर." माझ्या रब, तू जे काही भलं माझ्याकडे पाठवशील त्याचा मी मोहताज आहे. सूरह कसस, आयत २४. पुढच्याच आयतीत त्या दोघींपैकी एक लाजत चालत येते आणि सांगते, वडील तुम्हाला बोलावतायत. सध्या काही दिवस तू एवढंच म्हण. म्हणताना मन साथ देत नसेल तरी म्हण. उम्मे सलमांचे (रजि.) पती अबू सलमा गेले तेव्हा शिकवलेली दुआ, "माझ्या या संकटात मला अज्र (मोबदला) दे आणि याहून चांगलं दे," त्यांनी म्हटली. पण मनात येत होतं, अबू सलमाहून चांगला कोण मिळणार? त्यांनी हे स्वतः प्रामाणिकपणे सांगितलं आहे. मन पटत नसताना म्हटलेली ती दुआ कबूल झाली. इद्दतीनंतर (विधवेच्या ठरलेल्या मुदतीनंतर) खुद्द पैगंबरांचा (स.) लग्नाचा पैगाम आला.

आणि एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली दिसत नाही, म्हणून सांगते. अब्बांसाठीची तुझी दुआ संपलेली नाही, फक्त मजकूर बदलला आहे. माणूस मेला की त्याचे अमल (कर्मं) थांबतात, तीन सोडून: चालू राहणारा सदका, लोकांच्या उपयोगी पडणारं ज्ञान, आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक औलाद. मुस्लिममधली हदीस आहे. इब्ने माजात तर असं आहे, की जन्नतमध्ये एखाद्याचा दर्जा वाढतो, तो विचारतो हे कशामुळे? सांगितलं जातं, तुझ्या मुलानं तुझ्यासाठी माफी मागितली म्हणून. शिफा मागणं संपलं, मगफिरत (माफी) मागणं सुरू झालं. "रब्बिर्हम्हुमा कमा रब्बयानी सगीरा," यांनी मला लहानपणी वाढवलं तशी तू यांच्यावर दया कर. अम्मी हयात आहेत, त्याही या दुआमध्ये येतात.

त्याआधी एक काम मात्र कर. अब्बांची कुणाकडे उधारी राहिली असेल तर भावाशी बोलून ती काढा. किराणावाल्याची वही, औषधांच्या दुकानाचं बिल, डायलिसिसच्या दिवशी ने-आण करणाऱ्या रिक्षावाल्याचे राहिलेले पैसे, सगळं विचारा. पैगंबर (स.) जनाजा पढवण्याआधी मयतावर कर्ज आहे का ते विचारायचे. एकदा कर्ज आहे म्हटल्यावर ते पढवायला तयार नव्हते, अबू कतादा (रजि.) "ते माझ्यावर" म्हणाले तेव्हा पढवला. आणि आजारपणात अब्बांचे जे रोजे सुटले त्यांचा फिदिया (भरपाईचं दान) राहिला आहे का बघ. आपल्या मजहबात रोजामागे एक मुद्द (जुनं माप) धान्य गरिबाला द्यायचं असतं. किती रोजे होते ते अम्मीला आठवत असेल. तिला विचारून कागदावर लिही आणि मोहल्ल्याच्या इमामसाहेबांकडून किलोंचा हिशोब करून घे.